लाकडाला हात लावू नकोस

अगं, आधी त्या लाकूड कोरणाऱ्या राउटरवाल्याला फोन कर आणि शनिवारचं काम रद्द कर. कारण काय द्यायचं ते तू ठरव. ताईने अडवलं म्हणून सांगितलंस तरी चालेल. तुर्भ्याच्या एमआयडीसीतला तो माणूस वाईट नाही. दिवसभर मॉड्युलर किचनच्या फळ्या कापतो, हात सफाईचा आहे. पण किचनची फळी दोन मिलिमीटरने चुकली तर तो दुसरी फळी लावतो. तुझ्या गिटारला दुसरी फळी नाही. पगारातून महिनोन्महिने बाजूला काढून घेतलेली ती गिटार. तिच्यात एकदा खोबण कोरली की ती भरून येत नाही. आणि तुला हवं ते खोबण न कोरता मिळत असताना एवढी घाई कशासाठी?

कशासाठी ते मला ठाऊक आहे. बँडमधली पोरं म्हणतात, बार, म्हणजे दाबला की सगळ्या तारा एकदम सैल करणारा दांडा, नसलेली गिटार म्हणजे अर्धीच गिटार. त्या पाच जणांत तू एकटी मुलगी. आपण कुठे कमी पडतोय असं कुणाला वाटू नये म्हणून तू सगळं जरा जास्तच नेटाने करतेस. मला ते दिसतं आणि त्याचा अभिमानही वाटतो. पण राणी, त्यांच्याकडे स्ट्रॅटोकास्टर आहेत म्हणून त्यांना सगळ्या गिटारी तशाच वाटतात. तुझी गिटार निराळ्या घडणीची आहे, आणि ती घडण समजून घेतलीस की कुणाच्या बोलण्याने तू हलणार नाहीस.

स्ट्रॅटचा बार वरून दिसतो तेवढाच नसतो. लिओ फेंडरच्या कंपनीने १९५४ साली ती गिटार आणली तेव्हापासून तिची रचना ठरलेली. ब्रिजच्या खाली धातूचा जड ठोकळा, तो अंगातून आरपार मागे गेलेला, आणि पाठीमागच्या खोबणीत त्या ठोकळ्याला ओढून धरणाऱ्या स्प्रिंगा. दहाच्या सेटच्या (म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागांत मोजता सर्वांत बारीक तार दहाची) सहा तारा सुरात लावल्या की सगळ्यांची मिळून ओढ सुमारे ४५ किलोंच्या घरात जाते. तेवढीच ओढ मागून स्प्रिंगांनी द्यायची, म्हणजे ब्रिज मध्ये तोलून राहतो. हा तोल ठेवायला जागा हवी, म्हणून पुढून आणि मागून, दोन्हीकडून लाकूड कोरलेलं असतं. त्या गिटारीचा जन्मच तसा आहे.

तुझी एपिफोन लेस पॉल. हिची मान अंगाला किंचित मागे झुकवून बसवलेली असते, त्यामुळे तारा अंगापासून बऱ्याच उंचावरून जातात आणि त्यांना आधार द्यायला ब्रिज दोन स्टडवर उभा असतो. तिथे स्ट्रॅटचा ब्रिज टाकलास तर तो तारांच्या मानाने खूप खाली बसेल. मग तो उचलायला खाली काहीतरी भरा, मान मागे-पुढे करा, असं एकातून एक काम निघत राहणार. शिवाय आत वायरींच्या वाटा आहेत, त्यांतली एखादी कापली गेली तर तेही निस्तरायचं. आणि तुझ्या गिटारीवरचा चकचकीत थर जाड आणि ठिसूळ आहे. राउटरचं पातं फिरलं की कडेने त्याचे टवके उडतात. हे काम कुणी करूच शकत नाही असं मी म्हणत नाही. नेहमी गिटारीच बनवणारा माणूस करेल. पण किचनवाल्याने ते तुझ्या गिटारीवर पहिल्यांदा करून बघावं, हे मला अजिबात पटत नाही.

आता मला नीट सांग, तुला नेमका कोणता आवाज हवाय? कारण तुझं हे वेड जानेवारी २०२५ पासूनचं आहे. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये १८, १९ आणि २१ तारखेला कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले, त्यातल्या एका रात्री तू होतीस, आणि घरी आल्यापासून तुझ्या तोंडी तो लहरत राहणारा गिटारचा आवाज. पण त्या बँडचा गिटारवादक जॉनी बकलंड वर्षानुवर्षं बहुतेक वेळ फेंडरची थिनलाइन टेलीकास्टर वाजवत आलाय, आणि त्या गिटारीला बार नसतो. सूर मागे रेंगाळत राहतो, एकावर एक थर चढत जातात, ते बहुतांश डिले पेडलचं काम. तुला तेच हवं असेल तर एक बरा डिले पेडल घे आणि गिटारीला स्क्रू-ड्रायव्हरसुद्धा लावू नकोस. एखाद्या मित्राचा पेडल आठवडाभर मागून आण आणि कान लावून ऐक. पैसे खर्च करण्याआधी एवढं तरी करच.

ऐकल्यावरही वाटलं, की नाही, मला कॉर्ड लावून तिच्या शेवटी सहाही तारा एकत्र हळूच खाली झुकवायच्यात आणि पुन्हा जागेवर आणायच्यात, तर मग बार हवाच. एका तारेची मींड बोटाने येते. सतारीवर तार पडद्यावर आडवी ओढतात तशीच ती गिटारीवरही ओढता येते, आणि रियाज असेल तर बारपेक्षा कितीतरी नेमकी येते. पण सहा तारांची मींड एका हाताच्या बोटांना झेपत नाही. तिथे बारला पर्याय नाही, आणि तुझा हा हट्ट मला पूर्ण पटतो.

तर अशा वाजवण्यासाठी जी वस्तू हवी ती सत्तर वर्षांपूर्वीच बनून गेली आहे. मर्ल ट्रॅव्हिस नावाचा अमेरिकन गिटारवादक होता. त्याच्या गिब्सनवर डॉक कॉफमनने शोधलेला जुना व्हायब्रोला बसवलेला होता आणि तो वापरला की गिटार बेसूर व्हायची. त्याने ते दुखणं पॉल बिग्सबीकडे नेलं. बिग्सबी कॅलिफोर्नियातला पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामाचे नमुने बनवणारा कारागीर, मोटरसायकलच्या कारखान्यात काम केलेला. त्याने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला स्वतःच नवं यंत्र बनवलं. ॲल्युमिनियमचा ओतीव सांगाडा, तारा अडकवायला आडवा दांडा, आणि बारच्या खाली एक आखूड जाड स्प्रिंग. सगळं गिटारीच्या अंगावर, अंगाच्या आत काही नाही. आपल्या ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कुठल्याही जुन्या ओतारी कामगाराच्या हातात ते दिलं तर ते कसं ओतलंय, कुठे कानस फिरवलीय, हे तो बघताक्षणी सांगेल. मला ही गोष्ट फार आवडते. वाद्यातली अडचण एका यंत्रकारागिराने सोडवली, आणि लाकूड न कोरता सोडवली.

हे यंत्र त्याच्याच नावाने मिळतं. बिग्सबी मागताना आकडा नीट सांग. बी-५ सपाट अंगाच्या गिटारीसाठी असते. तुझ्या गिटारीचा वरचा भाग फुगीर आहे, तिला बी-७ लागते. बी-७० ही त्याच घाटाची, परवान्याने बनणारी स्वस्त आवृत्ती, आणि तुला ती पुरे. आता बिग्सबी तिच्या स्वतःच्या स्क्रूंनी बसवायची तर अंगावर बारीक भोकं पाडावी लागतात. ती खोबण नव्हे, पण भोकं ती भोकंच. तीही टाळायची तर व्हायब्रमेट नावाची धातूची पट्टी मिळते, तुझ्या घाटासाठी तिचं व्ही-७ मॉडेल. टेलपीस, म्हणजे तारांची मागची टोकं धरणारा तुकडा, काढला की त्याचे जे दोन बुश, म्हणजे आटे पाडलेल्या धातूच्या नळ्या, लाकडात राहतात, त्यांत ही पट्टी पुढून आवळली जाते आणि मागच्या टोकाला पट्टा अडकवायच्या बटणाचं भोक वापरलं जातं. नवीन भोक एकही नाही. उद्या मन बदललं तर तीच वाट उलटी, आणि गिटार दुकानातून आणली तशी.

दुसरा चांगला पर्याय जर्मनीच्या ड्युझेनबर्गचा लेस ट्रेम. तो सरळ टेलपीसच्या जागी, त्याच दोन बुशांत बसतो. बिग्सबीहून हलका, आणि तारा ब्रिजवरून कमी तिरप्या उतरतात म्हणून ब्रिजवर घर्षणही कमी. स्टेट्सबार म्हणून एक येतो, त्यात पूर्ण ब्रिजच पुढे-मागे सरकतो, तोही जुन्याच जागी बसतो. फ्लॉइड रोजचा एफआरएक्स हासुद्धा खोबणीशिवाय वरच्या वर बसणारा, पण तो बार पार खाली दाबून तारा लोंबकळवणाऱ्यांसाठी. तुझ्या गाण्यांत ते कुठेच नाही.

माझं मत विचारशील तर बी-७० आणि पट्टी. बिग्सबीने कॉर्ड फार तर अर्धा-एक स्वर खाली जाते, त्यापलीकडे तिची अपेक्षा धरायची नाही, पण त्या अर्ध्या स्वरातली तिची चाल इतकी मऊ असते की मंद गाण्याला दुसरं काही नको वाटतं. वजन मात्र वाढतं, हे आधीच सांगते. लेस पॉल मुळात जड, त्यात हा सांगाडा. संध्याकाळच्या गर्दीत नेरूळहून ठाण्याची लोकल पकडून सरावाला जाणारी तू. खांदा आधीच दुखत असेल तर लेस ट्रेम घे आणि पुढचा विचारही करू नकोस.

मागवण्याआधी माप घे. टेलपीसच्या दोन स्टडच्या मध्यापासून मध्यापर्यंत साधारण ८२ मिलिमीटर भरायला हवं. आणि आटे बघ. गिब्सनच्या स्टडचे आटे इंची मापाचे, आशियात बनलेल्या गिटारींचे बहुधा मेट्रिक, एम-८. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. इंची बोल्ट मेट्रिक बुशात दोन आटे जातो आणि अडतो. तिथे पाना लावून जोर केला की आटे मरतात, नाहीतर बुशच लाकडात सैल होतं. म्हणून बोल्ट आधी नुसत्या बोटांनी फिरव. शेवटपर्यंत अलगद गेला तरच तो तुझ्या गिटारीचा. नाहीच जुळला तर एमआयडीसीतला कुठलाही लेथवाला हव्या त्या आट्याचा बोल्ट वळून देईल. त्या भागात एवढे कारागीर असण्याचा उपयोग इथे करून घ्यायचा, गिटार कोरायला नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बार बसवला की गिटार बेसूर होते अशी सगळ्यांची तक्रार असते आणि सगळे बारला नावं ठेवतात. बहुतेक वेळा दोष बारचा नसतो, नटचा, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीचा असतो. बार दाबला की तार सैल होऊन नटच्या खाचेतून सरकते, सोडला की तिने तेवढंच परत यायचं. खाच अरुंद असेल तर तार अडकते, पूर्ण परत येत नाही आणि सूर बदललेला राहतो. लेस पॉलच्या डोक्यावर तीन-तीन खुंट्या दोन्ही बाजूंना असल्याने मधल्या डी आणि जी तारा नटमधून निघून बाजूला वळतात, म्हणून त्या सर्वांत जास्त अडकतात. जी तर नेहमीचीच. तुझं तूच तपासून बघ. जीची खुंटी अगदी हळू फिरव आणि कान नटपाशी ने. बारीकसा ‘टिंग’ आला म्हणजे तार अडकून सुटते आहे.

यावर उपाय म्हणजे खाच तारेच्या मापाची आणि गुळगुळीत हवी. दहाच्या सेटमधली जी १७ची असते, तिच्यासाठी तेवढ्याच जाडीची नट-कानस लागते. ही कानस फिरवताना हात आवर. मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढणारे कारागीर घोडीवर थोडंसं घासतात, तार छेडून ऐकतात, मग पुन्हा थोडं घासतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते अशाच हातांचं आहे. तू तीच रीत धर. खाचेच्या बाजू साफ कर, तळ खोल करू नकोस. तळ एकदा खाली गेला की मोकळी तार पहिल्या पडद्यावर झणझणते आणि नटच बदलावा लागतो. मग सहाही खाचांत मऊ पेन्सिलीचं शिसं घास. ब्रिजवर तारा टेकतात त्या खाचांतही घास, कारण बिग्सबीमुळे तारा तिथून बऱ्याच तिरप्या उतरतात. पुढे कधी पैसे झाले तर फिरत्या चाकांचा रोलर ब्रिज घे, आज नको. खरं तर बार येण्याआधीच नटचं हे काम करून टाक. निम्मं काम तिथेच झालेलं असेल.

तारा चढवताना बिग्सबी पहिल्यांदा रडवते, त्याची तयारी ठेव. आडव्या दांड्यावर बारीक खिळे असतात आणि तारेच्या टोकाचा गोळा त्या खिळ्यावर अडकवायचा असतो. तू वर खुंटीत तार ओवायला जातेस, तेवढ्यात खाली गोळा निसटतो. म्हणून तार चढवण्याआधी गोळ्याकडचं टोक मार्करच्या जाडीच्या एखाद्या दांड्याभोवती वळवून त्याला आकड्यासारखा बाक दे. मग ते दांड्याखालून घालून खिळ्यावर बसव आणि दांडा व गिटारीच्या मध्ये भांडी घासायच्या कोऱ्या स्पंजचा तुकडा दाबून ठेव. गोळा तिथेच राहतो, दोन्ही हात मोकळे. खुंटीवर दोन-तीन वेढे पुरेत, जास्त वेढे म्हणजे सूर हलायला जास्त जागा. सहाही तारा चढल्या की प्रत्येक तार बोटाने हलकेच उचलून ताण दे, सुरात आण, पुन्हा ताण दे. हे चार-पाचदा झाल्याशिवाय बारला हात लावायचा नाही.

अर्थिंग विसरू नकोस. लेस पॉलमध्ये अर्थिंगची वायर आतून स्टडच्या बुशाला टेकलेली असते आणि तिथून तारांपर्यंत पोचते. व्हायब्रमेटची पट्टी धातूची आणि त्याच बुशात आवळलेली, म्हणून सहसा सगळं जोडलेलंच राहतं. पण मल्टिमीटरचं एक टोक तारेला, दुसरं जॅकच्या बाहेरच्या कडीला लावून बीप ऐक. बीप नाही आली तर अँपमधून घूं असा आवाज येत राहील आणि तू बिचारी पिकअपला दोष देत बसशील.

हे सगळं दिवाळीनंतर कर. खाडीकाठच्या आपल्या हवेत जून ते सप्टेंबर लाकूड ओल धरतं, मान हलते, तारांची उंची बदलते. त्या दिवसांत केलेली जुळवणी हिवाळ्यात पुन्हा करावी लागते. आणि खारी हवा स्प्रिंग आणि खिळ्यांना गंजवते. वाजवून झालं की सुक्या सुती कापडाने पूस, पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेव, बिग्सबीच्या आडव्या दांड्याच्या दोन्ही टोकांना शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब दे.

खरेदीचंही सांगते. ऑनलाइन परदेशातून मागवलंस तर कस्टम ड्युटी आणि कुरियर धरून घरपोच किती, हे आधी लेखी विचार. नाहीतर हार्बरने सीएसएमटीला उतर आणि धोबी तलावला फर्टाडोजमध्ये जा. १८६५ पासूनचं दुकान आहे, वस्तू हातात घेऊन बघता येईल, नसेल तर मागवतात का ते कळेल. गिटार सोबत ने. कुठल्याही दुकानात काउंटरवरचा माणूस तुझ्याऐवजी तुझ्यासोबतच्या मुलाशी बोलायला लागला, तर शांतपणे मोजपट्टी काढ आणि ८२ मिलिमीटर, एम-८, बी-७० असं तूच सांग. आपल्याला काय हवं ते मापात सांगणाऱ्या मुलीशी लोक नीट बोलतात, हे मी स्वतः पाहिलंय. आणि ‘मॅडम, इथेच बसवून देतो, दोन मिनिटांचं काम’ असं कुणी म्हणालं तर नको म्हण. पहिल्यांदा तू तुझ्या हाताने बसव. तुझ्या गिटारीतला प्रत्येक बोल्ट तुला ओळखीचा हवा.

जुना टेलपीस आणि स्टड एका पुडीत बांधून केसच्या खणात ठेव, कुणाला देऊन टाकू नकोस. आईला खर्चाचा आकडा मी सांगते, तू बोलू नकोस. सामान आलं की कुठल्याही रविवारी बेलापूरला ये. मल्टिमीटर, नट-कानशी आणि पाने माझ्याकडे आहेत. दहाच्या तारांचे दोन सेट मात्र घेऊन ये, पहिल्या दिवशी एखादी ई तार तुटतेच.